मेंढक्याची बोट

खुटबावात आणि आसपासच्या दोन-तीन गावांत तेव्हा एक बोलण्याची रीत होती. कुणी फार मोठी थाप मारली की ऐकणारा म्हणे, "ही मेंढक्याची बोट झाली." उसाचा अशक्य उतारा सांगणारा शेतकरी, निवडणुकीआधीच निकाल सांगणारा कार्यकर्ता, परदेशात नोकरी लागल्याचं सांगणारा भाचा, सगळ्यांच्या वाट्याला ही बोट यायची. हा मेंढका, म्हणजे मेंढरं राखणारा, कोण आणि त्याची बोट कुठली, हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दाजी लहानपणापासून तेच बोलत आले होते. शाळेत, पारावर, घरात वडिलांसमोरसुद्धा.

तो मेंढका म्हणजे आपलेच वडील, हे दाजींना वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. भाऊबिजेची दुपार होती आणि मी त्यांच्या ओसरीवर बसलेलो होतो, म्हणून ते नेमकं सांगता येतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी शिरूरला राहून एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. बहिणीला, म्हणजे अक्काला, दौंड तालुक्यात खुटबावला दिलेलं. न्हावरा, पारगाव, चौफुला अशी एसटी बदलत महिन्या-दोन महिन्यांनी माझी फेरी व्हायची. दोन्ही घरं मूळची मेंढरांमागे फिरणारी. आमच्याकडची मेंढरं आजोबांच्या काळातच गेली. दाजींच्या घरातला कळप मात्र आबांनी, म्हणजे दाजींच्या वडिलांनी, स्वतः मोडला आणि कॅनॉलखालच्या साडेतीन एकरांत ते स्थिर झाले.

दाजी शेतात फारसे नसत. सकाळच्या दौंड-पुणे शटलनं ते हडपसरच्या बाजूला एका फाउंड्रीत जात. तिथं ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात करावा लागतो. त्या लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून बसवतात, नमुना अलगद उचलतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडतात. तो लाकडी नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्या खात्यात लपत नाही. ती हजार नगांत उतरते.

शिवण आणि सागवान या लाकडांचे उरलेले तुकडे दाजी सुपरवायझरला विचारून पिशवीतून घरी आणत आणि त्यांची शिडाची जहाजं करत. नाद कुठून लागला, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. एका कॅलेंडरवर तीन डोलकाठ्यांचं विलायती जहाज होतं, तिथून सुरुवात झाली, एवढंच. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पहिलं जहाज वीतभर लांबीचं. त्या भाऊबिजेला त्यांनी तिसरं दाखवायला आणलं, ते हातभर होतं. त्याच्या काठ्यांवर चढायला दोऱ्यांच्या शिड्या होत्या आणि प्रत्येक शिडीची प्रत्येक पायरी वेगळी गाठ मारून केलेली होती. एका शिडीच्या पायऱ्या मी मोजल्या. सव्वीस. अशा शिड्या सहा. शेजारच्या पोरांनी ते जहाज पाहिलं तेव्हा त्यांचा गलका आपोआप थांबला होता, असं अक्का म्हणाली.

आबा उंबऱ्याजवळ लोकर कातत बसले होते. मेंढरं गेली तरी टकळी सुटली नव्हती. त्यांनी जहाजाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "असलं न्हवतं."

दाजी म्हणाले, "काय न्हवतं असलं?"

"काठी. काठी सरळ नसती तिची. आन् शीड तिरकं असतंय."

दाजी हसले. "आबा, तुमी कवा बगितली बोट? आता ही तर मेंढक्याची बोटच झाली!"

टकळी थांबली. आबा म्हणाले, "व्हय. माजीच ती."

अक्का चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तिथंच राहिली. दाजींचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. तीसेक वर्षं आपण कुणाच्या तोंडावर काय म्हणत आलो, याचा हिशेब त्यांच्या मनात चाललेला दिसत होता.

मग आबांनी सांगितलं. सोळा-सतरा वर्षांचे असताना दिवाळीनंतर ते वडिलांबरोबर कळप घेऊन घाट उतरून कोकणात गेले होते. भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची आणि खताच्या बदल्यात भात घ्यायचं, हा जुना रिवाज. एका खाडीच्या काठी मुक्काम पडला. सकाळी पाणी बांधाला लागलेलं आणि पाण्यात कौलं भरून आलेलं एक मोठं गलबत उभं. दुपारी बघतात तर पाणी नाही. नुसता चिखल, आणि त्यावर गलबत कुशीवर आडवं.

"आमाला वाटलं, पाट बंद केला कुनीतरी," आबा म्हणाले. "आमच्या बापानं एका खलाशाला इचारलंबी, पानी सोडनारा पाटकरी कुठं बसतोय म्हनून."

अक्का हसली. आबाही हसले, पण थोडंच. दिवस कलल्यावर पाणी परत आलं आणि ते आडवं गलबत कुणी हात न लावता आपोआप उभं राहिलं. शिमग्यानंतर गावी परतल्यावर आबांनी हे पारावर सांगितलं आणि गाव हसलं. सगळ्यात आधी हसला तो त्यांच्याच वयाचा, बागायतदाराच्या घरचा एक तरुण. "मेंढक्याची बोट" हे नाव त्यानंच ठेवलं. तोच पुढे सोसायटीचा चेअरमन झाला आणि साऱ्या गावाचा मामा झाला. नाव ज्याला ठेवलं त्याला लोक विसरले, नाव राहिलं.

"म्या काय जास्तीचं बोललो न्हवतो," आबा म्हणाले. "पानी गेलं, गलबत पडलं. पानी आलं, गलबत उठलं. येवढंच. मग म्या त्ये बोलायचं सोडलं."

दाजींनी ते विलायती जहाज उचलून आत नेऊन ठेवलं. बाहेर आले आणि म्हणाले, "आबा, तुमचं गलबत करू. जसं बगितलं तसं. सांगा."

पुढच्या फेरीला मी शिरूरच्या वाचनालयातून एक जाड ग्रंथ घेऊन गेलो. त्यात जुन्या भारतीय जहाजांची चित्रं होती. दाजींनी तो उघडलाही नाही. त्यांच्या खात्यात नियम होता: एका कामाला एकच ड्रॉइंग. दोन ड्रॉइंगं टेबलावर आली की चूक ठरलेली.

"ह्ये बगितलं तर मी आबांचं ऐकायचो न्हाई, पाव्हनं," ते म्हणाले. "माजं ड्रॉइंग उंबऱ्यात बसलंय."

ते ड्रॉइंग वाचणं सोपं नव्हतं. आबांना फूट आणि मीटर येत नव्हते. पण मेंढरं राखणाऱ्या माणसाची नजर वेगळीच मोजते. शंभर मेंढरांत एक कमी असलं तर ते न मोजता त्यांना कळे. गलबताचं पुढचं टोक, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, ते कसं होतं विचारलं तर ते म्हणाले, "एडक्याच्या नाकाडावानी. वरनं फुगीर, खाली आत." पोट कसं होतं? "गाभन मेंढीचं चौथ्या म्हैन्यात असतंय तसं. पाचव्यातलं न्हाई." डोलकाठी? आबा उठले, दाराआडची काठी घेतली, ती पुढे टेकवून तिच्यावर रेलून उभे राहिले. कळप चरत असताना मेंढका तासन्‌तास उभा राहतो तसे. "ह्या अशी. पुढं कललेली." दाजींनी कोनमापक काढला आणि वडिलांच्या काठीला लावला.

पुढे काही वर्षांनी वृत्तपत्राच्या कामानं मला रायगडच्या किनाऱ्यावर जावं लागलं. तिथं एका बंदरात मोडीत निघालेलं एक जुनं गलबत होतं. त्याची डोलकाठी पुढे कललेली होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, पण ती काठी मी आधी पाहिलेली होती.

सगळ्यात अवघड होती लांबी. आबा म्हणत, "लय लांब." लांब म्हणजे किती? इथून गोठ्यापर्यंत? त्याहून लांब? असं दोन महिने चाललं. मग एके दिवशी गोठ्याच्या माळ्यावरून वैरण काढताना आबांना काहीतरी दिसलं आणि त्यांनी दाजींना हाक मारली. माळ्यावर वाघूर होती. रात्री मेंढरं कोंडायला खुंट्यांवर जे जाळं लावतात त्याला वाघूर म्हणतात.

"आमच्या चार वाघरी, समद्या येका मापाच्या, ही त्यातलीच येक, दवानं वल्ल्या झालत्या," आबा म्हणाले. "त्या दिवशी दुपारी आमी त्या गलबताच्या अंगावर वाळत टाकल्या. नाळंपासनं शेवटापर्यंत, एकीला एक लावून. शेवटाला दीड हात उघडं ऱ्हायलं."

दाजींनी ती वाघूर अंगणात ताणून धरायला सांगितली आणि टेप लावला. चार मीटर सात सेंटिमीटर. चार वाघरी आणि वर आबांचा दीड हात: सतरा मीटरला तीन सेंटिमीटर कमी. दाजी टेप तसाच धरून मातीत बसले. पन्नास वर्षांपूर्वी खाडीच्या चिखलात पडलेल्या एका वस्तूची लांबी खुटबावातल्या एका गोठ्यातून बाहेर आली होती. बातमीदाराच्या कामात मी पुरावे पुष्कळ पाहिले आहेत. असा पुरावा पुन्हा पाहिला नाही.

लांबी सतरा मीटर धरून सतराला एक असं प्रमाण ठरलं, म्हणजे नमुना बरोबर एक मीटरचा. कामाला तीन वर्षं लागली. फाउंड्रीतली पाळी सांभाळून, रविवारी आणि सुट्टीत. आधी खालचा कणा, मग त्यावर बरगड्या, मग बरगड्यांवर शिवणीच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. पट्ट्या वाकवण्यासाठी गरम पाण्यात भिजवाव्या लागत आणि त्यासाठी अक्काचं मोठं पातेलं जाई.

"माझ्या पातेल्यात बोट शिजती," अक्का मला म्हणाली. "तुझ्या दाजींना इचार, कालवण कशात करू? बोटीत?"

आतून दाजींचा आवाज आला, "थोडं थांब, बोट झाली की करू."

पट्ट्या जोडायला लोखंडी खिळा एकही नव्हता. खराट्याच्या काड्या तासून केलेल्या खुंट्या होत्या. फटींत कापूस आणि वर राळ. दोऱ्या आबांनी कातल्या. काळ्या लोकरीचा दोन पदरी पीळ, जाडीला शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडा जास्त. दर आठवड्याला आबा सांगाडा न्याहाळत आणि बहुतेक वेळा "न्हाई" म्हणत. दाजी वाद घालत नसत. तेवढा भाग काढून पुन्हा करत. नाळ चार वेळा झाली. पाचव्या नाळेला आबा काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवला आणि टकळी घेतली. दाजींनी त्या दिवशी अंगणात फेरी मारली आणि मला म्हणाले, "पास झालं."

डेक बसवायची वेळ आली तेव्हा चूक सापडली. डेकचा तक्ता दाजींनी एकसंध करून ठेवला होता. तो गलबतात ठेवला तर आठ मिलिमीटर कमी पडला. दाजींनी तो काढला, पुन्हा मोजला. तक्ता मापात होता. गलबत मोजलं. तेही मापात. दोन्ही मापात आणि एकमेकांत बसत नाहीत. मी तिथंच होतो. असं कोडं मी आधी पाहिलं नव्हतं. दाजींनी मात्र दोन मिनिटांत ते ओळखलं, कारण त्यांच्या धंद्यात अशी एकच गोष्ट घडू शकते. त्यांनी पेटीतून दोन स्टीलच्या पट्ट्या काढल्या आणि एका टोकाला जुळवून शेजारी ठेवल्या. दुसऱ्या टोकाला तीनशेचा आकडा तीनशेसमोर नव्हता. तीन मिलिमीटर पुढे होता.

ओतलेलं लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्नमेकर नमुना तेवढा मोठा करतो, आणि दर वेळी गणित करायला नको म्हणून त्याच्याकडे एक वेगळीच पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. तिला श्रिंकेज पट्टी म्हणतात. वीस वर्षं तीच हातात असल्यामुळे घरच्या पेटीतही दाजींनी नकळत तीच उचलली होती. कणा आणि बरगड्या तिच्यावर आखल्या गेल्या. डेक साध्या पट्टीवर. गलबत एक मीटर दहा मिलिमीटरचं झालं होतं.

फाउंड्रीत चुकीचा नमुना ठेवत नाहीत. कुणी तो चुकून वाळूत घालू नये म्हणून त्याच दिवशी करवतीनं आडवा कापतात. दाजी उठले आणि त्यांनी करवत आणली. रागात नव्हते. ड्यूटीवर असल्यासारखे होते.

"अवो, तीन वर्सं झाली!" अक्का म्हणाली.

"चुकलंय त्ये. चुकलेलं ठेवत न्हाईत."

आबा ओसरीवरून आले. झालं काय, ते त्यांनी समजून घेतलं. पट्ट्या हातात घेऊन दोन्ही शेजारी धरल्या, जशा दाजींनी धरल्या होत्या.

"म्हंजी सगळं गलबत थोडं मोठं झालंय," ते म्हणाले. "येक बाजू न्हाई, समदं."

"व्हय."

"मग डेकबी त्याच पट्टीनं कर की. काठीबी. समदंच मोठं झालं तर मोठं कुटं ऱ्हायलं? मेंढराचं पोरगं वाढलं तर त्याचा पाय तोडत्यात व्हय रं?"

दाजी करवत धरून उभे राहिले. मी कागदावर आकडा मांडला. एक टक्का म्हणजे खऱ्या गलबतात सतरा सेंटिमीटर, वितीहून कमी. पन्नास वर्षांच्या आठवणीत वितीएवढी चूक धरायला कुणाची हरकत नव्हती. दाजींची होती, पण ती त्यांनी मनात ठेवली. करवत खिळ्याला लटकवली आणि पुढचं सगळं काम श्रिंकेज पट्टीनं केलं. डेक बसला तेव्हा टक्‌ असा एक आवाज झाला. फट कुठंच नव्हती.

पूर्ण झालेलं गलबत आबांनी ओसरीवर उजेडात ठेवायला सांगितलं आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "ह्येच."

दाजींसाठी तेवढ्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण त्यांनी ते गलबत केलं होतं ते शोकेससाठी नव्हे. त्यांच्या तोंडून तीसेक वर्षं जे निघालं होतं ते त्यांना परत घ्यायचं होतं, आणि ते घरात घेऊन चालणार नव्हतं. जिथं हसू झालं होतं तिथंच घ्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते ज्यांनी नाव ठेवलं त्या मामांकडे गेले. मी बरोबर होतो. मामा चहाच्या टपरीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"मामा, ऐतवारी कॅनॉलला पाळीचं पाणी सुटतंय," दाजी म्हणाले. "आमच्या रानात या. आबांची बोट दाखवतो."

मामा टपरीवाल्याकडे पाहून म्हणाले, "ऐकलं का? मेंढक्याची बोट येतीया. सीट धरून ठिवा." मग दाजींकडे वळले. "आरं, भरती-ओहोटी आमालाबी ठावं हाय. पोरांच्या पुस्तकात हाय. पानी जात आसंल, येत आसंल. पर पडल्याली बोट उठंल कशी? चौफुल्याला उसाची ट्रॉली उलटली तर ती आपसूक उठती का? क्रेन लागती. आबांच्या कोकणात क्रेन हुती का तवा?"

टपरीवर हशा झाला. दाजी म्हणाले, "या तर खरं."

"येतो की. क्रेन आनू का?"

आबांना हे कळलं तेव्हा ते दाजींवर रागावले. आयुष्यात एकदा हसू झालं होतं, ते जिरवायला त्यांना पन्नास वर्षं लागली होती. नमुना उठला नाही तर ते पुन्हा सुरू होणार होतं आणि या वेळी त्याला साक्षीदार असणार होते. दाजींनी गलबत घरच्या हौदात तरंगवून पाहिलं होतं, तळाशी वाळूच्या पुरचुंड्या ठेवून तोल साधला होता. पण चिखलात पाडून पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आधी एकदा करून का बघत नाही? दाजी म्हणाले, "आबांनी बगितलं त्ये एकदाच झालं हुतं. त्यांनी कुटं आदी करून बगितलं?" हे उत्तर पॅटर्नमेकरचं नव्हतं. मुलाचं होतं.

रविवारी सकाळी रानाच्या कोपऱ्यात कॅनॉलचं पाणी आणणाऱ्या चारीशेजारी त्यांनी खड्डा खणला. लांबी अडीच मीटर, रुंदी दीड, खोली गुडघ्याच्या वर. तळाशी गाळ कालवून चिखल केला. त्यात गलबत डाव्या कुशीवर ठेवलं. डोलकाठीचं टोक समोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याकडे होतं. बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. मामा आले, चपला काढून बांधावर बसले आणि म्हणाले, "आबा, पाटकऱ्याला सांगून ठिवलंय ना?"

चारीला पाणी आलं, पुढे फेस आणि पाचट ढकलत. चारी आणि खड्डा यांच्यामधलं मातीचं दार आबांनी स्वतः धरलं होतं. त्यांनी फावड्यानं चार बोटं माती काढली. पाण्याची करंगळीएवढी धार खड्ड्यात उतरली. दाजी म्हणाले, "आजून काढा, लवकर भरंल."

"तिकडं आसंच येतंय," आबा म्हणाले. "गडबड न्हाई करत त्ये."

मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटांत चिखल दिसेनासा झाला. अकराव्या मिनिटाला पाणी गलबताच्या पोटाला लागलं. सतराव्या मिनिटाला कललेल्या बाजूचा काठ आणि पाणी यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. गलबत हललं नव्हतं. आबांनी आणखी माती काढली नाही, लावलीही नाही. अंतर तीन बोटं झालं. मग दोन.

"गेली," मामा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

चिखलानं फळी धरून ठेवली होती, हे दिसत होतं. पाणी वर येत होतं आणि गलबत वर येत नव्हतं. दाजी पुढे सरकले, एक पाय पाण्यात ठेवला. काठाला नुसतं एक बोट लावलं असतं तरी पुरलं असतं.

"हात लावशील तर बग," आबा म्हणाले. फावड्यावर दोन्ही हात ठेवून, पुढे रेलून ते उभे होते. "तवा कुनी लावला न्हवता."

दाजींनी पाय मागे घेतला.

अंतर एका बोटावर आलं तेव्हा खालून एक आवाज आला. गाईनं चिखलातून खूर उपसावा तसा, पण लहान. पाण्यावर दोन बुडबुडे आले. डोलकाठीचं टोक कडुलिंबाच्या बुंध्यावर होतं, ते किंचित वर गेलं. थांबलं. पुन्हा गेलं. मग ते थांबलं नाही. बुंध्यावरून फांदीवर, फांदीवरून शेंड्यावर, सावकाश, जणू कुणी आतून पाठ टेकून उठत होतं. एक मीटर दहा मिलिमीटरची ती लाकडी वस्तू कुशीवरून उठून पाण्यात सरळ उभी राहिली. एकदा उजवीकडे कलली, एकदा डावीकडे, आणि स्थिर झाली. आबांनी कातलेल्या दोऱ्या सैल होत्या, त्या ताणल्या गेल्या.

बांधावर कुणी टाळी वाजवली नाही. एका बाईनं हात जोडले, कुणाला ते तिलाही माहीत नसावं. गलबत उठण्याचं कारण साधं होतं, पाण्याचा उचल देण्याचा नियम, शाळेत शिकवतात तो. तो माहीत असूनही मी घड्याळ बघायचं विसरलो होतो.

मामा उठले, खड्ड्याजवळ आले आणि उकिडवे बसले. गलबताखाली कुठं दोरा किंवा तार आहे का, हे त्यांनी उघडपणे तपासलं. पाण्यात हात घालून तळापर्यंत चाचपलं. मग ओला हात धोतराला पुसला.

"आन् मग पानी परत जातंय?" त्यांनी विचारलं.

"जातंय," आबा म्हणाले.

"रोज?"

"रोज. दिसातनं दोनदा."

"आन् ही परत पडती?"

"पडती. आन् परत उटती."

मामा तिथंच बांधाच्या मातीत बसले, मांडी घालून, खुर्चीशिवाय.

"सांगा आबा," ते म्हणाले. "पयल्यापासनं. तवा म्या मधीच हसलो हुतो, पुढचं ऐकलंच न्हाई."

आबांनी फावडं दाजींकडे दिलं. "दार लाव," म्हणाले. दाजींनी माती ओढून धार बंद केली. आबा मामांसमोर बसले आणि सांगू लागले. घाट, खाचरं, कौलं, चिखल, वाघरी. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तीन वर्षं त्याच्यावरच काम चाललं होतं. पण शेवटी त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. आम्ही लांबी विचारली होती, कोन विचारला होता, हे विचारायचं राहिलं होतं.

"ती उठाय लागली तवा गलबत उठतंय आसं आमाला वाटलंच न्हाई," आबा म्हणाले. "आमाला वाटलं, जमीन कलली. म्या पयलं मेंढरांकडं बगितलं. म्हनलं, आता समदी घरंगळत्यात. धावलो तिकडं, हात पसरून, आडवाय."

कुणी हसलं नाही. मामा पुढे वाकले होते.

"मग?" त्यांनी विचारलं.